बाखचा पहिला चेलो प्रील्यूड: लय, पट्टी आणि भाव याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकट्या चेलोचा अडीच मिनिटांचा तुकडा. जाहिरातीत, माहितीपटात, कुणाच्या तरी लग्नाच्या व्हिडिओत तो तुम्ही ऐकलेला असतोच. संगीतसंग्रहात त्याच्यापुढे टेम्पो, की आणि मूड असे तीन रकाने असतात, आणि चार संग्रह उघडले तर चार वेगळी उत्तरं मिळतात. व्हिडिओ करणारे, हार्मोनियम-तबला वाजवणारे आणि नुकताच चेलो हातात घेतलेले विद्यार्थी त्याबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

१. सगळीकडे ऐकू येणारा हा चेलोचा तुकडा नक्की कोणता?

योहान सेबास्टियन बाखच्या सहा चेलो सुइटपैकी (सुइट म्हणजे नाचांच्या तुकड्यांची माळ) पहिल्या सुइटचा प्रील्यूड, म्हणजे सुरुवातीचा तुकडा. बाखच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक बीडब्ल्यूव्ही १००७. बाख १७१७ ते १७२३ या काळात जर्मनीतल्या क्योथेनला राजपुत्र लेओपोल्डच्या दरबारी संगीतप्रमुख होता आणि हे सुइट साधारण त्याच सुमाराचे मानले जातात. प्रील्यूडमागून आलेमांद, कुरांत, साराबांद, दोन मिन्यूएट आणि जीग असे नाच येतात.

बाखच्या हातची प्रत हरवली आहे. आपल्यापर्यंत पोचल्या त्या नकला. त्यांतली सगळ्यात महत्त्वाची त्याची पत्नी आना मागडालेना हिने केलेली, ती बर्लिनच्या राज्य ग्रंथालयात आहे. दुसरी योहान पेटर केलनर या ऑर्गनवादकाची, १७२६ची. खालच्या बऱ्याच प्रश्नांचं मूळ या हरवलेल्या प्रतीत आहे.

२. याचा टेम्पो किती लिहायचा?

रकाना भरायचाच असेल तर ६० ते ७२ बीपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे बीट (ठोके). बऱ्याचशा रेकॉर्डिंगांना तो लागू पडतो. पण हा आकडा वादकांचा आहे, बाखचा नाही. नकलांमध्ये प्रील्यूडवर वेगाची कुठलीही सूचना नाही. ठोके मोजून देणाऱ्या मेट्रोनोम यंत्राचं पेटंट मेल्झेलने घेतलं १८१५ मध्ये आणि बाख १७५० मध्येच वारला, त्यामुळे त्याच्याकडून आकड्याची अपेक्षा करण्यात अर्थ नाही. बासरीवादक क्वांट्सने १७५२च्या ग्रंथात वेगासाठी निरोगी माणसाच्या नाडीचा आधार घेतला, मिनिटाला सुमारे ८० ठोके. त्या काळात माप होतं ते असं.

नाचांची गोष्ट वेगळी. साराबांद म्हटलं की संथ, जीग म्हटलं की उड्या मारत, एवढं नावातूनच कळतं. ‘प्रील्यूड’ या नावातून वेगाबद्दल काहीच कळत नाही.

माझं मत विचाराल तर ६६च्या आसपास हा तुकडा चांगला चालतो. फार खाली नेला की आठ-आठ स्वरांचे गट सुटे पडतात आणि ओळ उरत नाही. फार वर नेला की बोटांचा सराव वाटायला लागतो. गंमत म्हणजे १८२४ मध्ये पॅरिसला हे सुइट पहिल्यांदा छापले गेले तेव्हा मुखपृष्ठावर त्यांना ‘सोनाटा किंवा एत्यूद’ म्हटलं होतं, म्हणजे अभ्यासाचे तुकडेच. बराच काळ ते तसेच वाजवलेही गेले.

३. माझ्याकडच्या रेकॉर्डिंगचा टेम्पो अ‍ॅपशिवाय कसा काढू?

प्रील्यूडमध्ये ४२ बार (लिहिलेल्या संगीताचे सारखे भाग) आहेत, प्रत्येकात चार बीट. एकूण १६८. म्हणून १०,०८० (१६८ गुणिले ६०) या संख्येला रेकॉर्डिंगच्या सेकंदांनी भागा. २ मिनिटं ४८ सेकंद म्हणजे १६८ सेकंद असतील तर बरोबर ६० येतात. २ मिनिटं २० सेकंद असतील तर ७२.

हा सरासरी वेग झाला आणि तो नेहमी थोडा कमी येतो. मधला थांबा, शेवटच्या सुरावरचं रेंगाळणं आणि फाइलच्या शेवटची शांतता हे सगळं त्यात धरलं जातं. चालीचा खरा वेग हवा असेल तर पहिले चार बार मोजा. तळाचा जी हा सूर प्रत्येक बारमध्ये दोनदा वाजतो, म्हणजे चार बारमध्ये आठ वेळा. पहिल्या जीपासून पाचव्या बारच्या आरंभापर्यंतचे सेकंद घ्या आणि ९६० ला त्यांनी भागा. साडेचौदा सेकंद लागले तर वेग ६६.

यातही वादक तळाच्या सुरावर किंचित टेकून पुढचे स्वर पळवतात. म्हणून दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांवर वाद घालू नका.

४. अ‍ॅप कधी १३२ दाखवतं, कधी ३३. माझे कान तर ६६ म्हणतात. खरं काय?

तिन्ही एकाच वेगाची मापं आहेत. अ‍ॅप ठोका शोधतं आणि इथे ढोल नाही, ताशा नाही; आहे ती फक्त सोळाव्या स्वरांची (एका बीटमध्ये चार) अखंड ओळ. त्यातला ठळक आवाज तळाच्या जीचा आणि तो दर दोन बीटनी येतो. त्याला ठोका समजलं की ३३. दोन-दोन स्वरांची जोडी पकडली की १३२. लिहायचं ते ६६, कारण ४/४ मध्ये लिहिलेल्या या तुकड्याचा बीट तो आहे.

व्हिडिओ कापताना मात्र ३३ हा आकडा कामाचा ठरतो. दृश्यं तळाच्या जीवर बदलली तर सहज वाटतं, दर बीटवर बदलली तर घाई होते.

५. याचं स्केल कोणतं? हार्मोनियमवर कुठली पट्टी?

जी मेजर, म्हणजे पांढरी पाच.

चेलोच्या चार तारा खालून वर सी, जी, डी, ए अशा लावलेल्या असतात. जी मेजरमध्ये जी आणि डी हे दोन मुख्य स्वर उघड्या तारांवर मिळतात. बोट न ठेवलेली तार मोकळी घुमते आणि शेजारची तार तिच्याबरोबर आपोआप थरथरते. पहिल्याच बारमध्ये जी आणि डी या दोन उघड्या तारा आणि त्यांच्यावर बी येतो, तेवढ्यात सगळं वाद्य जागं होतं. हाच तुकडा अर्धा सूर वर सरकवला तर उघड्या तारा हातच्या जातात, बोटांची कसरत वाढते आणि नाद बंदिस्त होतो. स्केलची निवड वाद्याच्या शरीरातून आली आहे, ती अशी.

६. ट्यूनर लावला तर एफ शार्प मेजर येतं, म्हणजे काळी तीन! रेकॉर्डिंग बेसूर आहे का?

नाही. तुमच्याकडे बहुधा बरोक, म्हणजे बाखच्या काळच्या पद्धतीच्या, चेलोवर केलेलं रेकॉर्डिंग आहे. आजचा सर्वसाधारण सूर ए = ४४० हर्ट्झ. जुन्या पद्धतीची वाद्यं वाजवणारे बरेच कलाकार ए = ४१५ घेतात, जो जवळजवळ नेमका अर्धा सूर खाली येतो. त्यामुळे चेलोचा तळाचा जी ९८ ऐवजी ९२.५ हर्ट्झच्या आसपास वाजतो, आणि आजच्या ट्यूनरला तो एफ शार्प वाटतो. वादकाच्या बोटांखाली आणि कागदावर मात्र जी मेजरच असतं.

काही जण आणखी खाली जातात. डच वादक पीटर विस्पेलवे याने २०१२च्या रेकॉर्डिंगसाठी ए = ३९२ घेतला. तो पूर्ण एक सूर खाली, म्हणजे ट्यूनरवर एफ मेजर, पांढरी चार.

४१५ हा ‘खरा बरोक सूर’ आहे असं मात्र समजू नका. त्या काळी सूर गावागणिक बदलत होता; जर्मनीत चर्चच्या ऑर्गनचा सूर आजच्यापेक्षा वर आणि दरबारी वाद्यवृंदाचा खाली, असंही चालत असे. ४१५ सोयीचा ठरला, कारण आजच्या सुरापासून तो बरोबर एका पट्टीच्या अंतरावर आहे.

रकान्यात ‘जी मेजर (ए = ४१५)’ असं लिहा. हार्मोनियमवर साथ करायची असेल तर काळी तीन धरा.

७. सूर अर्धा खाली आहे, पण तो बरोक चेलो आहे की कुणी फाइल हळू केली आहे, हे कसं ओळखायचं?

वेग आणि सूर एकत्र उतरवले तर अर्ध्या सुरामागे लांबी सुमारे ६ टक्के वाढते. अडीच मिनिटांचं रेकॉर्डिंग २ मिनिटं ३९ सेकंदांचं होतं. त्याच वादकाच्या त्याच अल्बमची मूळ लांबी शोधा आणि ताडून पाहा. याहून भरवशाची युक्ती माझ्याकडे नाही. ‘रिलॅक्स’, ‘झोपेसाठी’ असल्या नावांखालच्या फाइलींवर आधी संशय घ्या.

कानाने ओळखायचं तर तारेचा आवाज ऐका. बरोक चेलोला आतड्याच्या तारा असतात, त्यांवरचा ताण कमी असतो आणि बो (वाजवायचा गज) बाहेरच्या बाजूला किंचित वाकलेला असतो. स्वराच्या सुरुवातीला बारीक खरखर येते आणि स्वर लगेच मावळू लागतो. खाली टेकवायची कांडी नसल्यामुळे वाद्य पायांच्या पोटऱ्यांत धरतात. स्टीलच्या तारांवरचा लांब, गुळगुळीत, भरपूर कंपाचा सूर आणि वर पट्टी काळी तीन, असं असेल तर फाइल हळू केलेली असण्याची शक्यता मोठी.

तिसरा प्रकार जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांचा. त्या नेमक्या ७८ने फिरत असत असं नाही. एकाच तबकडीच्या दोन डिजिटल आवृत्त्यांत सूर थोडा इकडेतिकडे सापडला तर दोष वादकाचा धरू नका.

८. मूड काय लिहू? कुणी ‘शांत’ म्हणतं, कुणी ‘उदास’. मेजर स्केल तर आनंदी असतं ना?

या तुकड्याचा भाव स्केलवरून सांगताच येत नाही. तो बार पुढे सरकतात तसा बदलतो.

पहिले चार बार तळाचा जी हलत नाही. वरचे स्वर मात्र सरकतात: दुसऱ्या बारमध्ये सी आणि ई, तिसऱ्यात एफ शार्प आणि सी. खाली जी घट्ट असताना वर एफ शार्प आला की खटका बसतो आणि चौथ्या बारमध्ये तो सुटतो. ‘शांत’ ही चिठ्ठी लावणाऱ्यांनी बहुधा एवढंच ऐकलेलं असतं. त्यानंतर तळ सुटतो, सी शार्प डोकावतो, ओळ डी मेजरकडे झुकते आणि प्रत्येक बारला पाय थोडा वेगळ्या जागी पडतो. बाविसाव्या बारमध्ये ओळ डीवर येऊन थांबते. वर फर्माटाची खूण आहे. किती थांबायचं ते वादकावर सोडलेलं. तुकड्याचा हा जवळजवळ नेमका मध्य.

उत्तरार्धात शांतता औषधालाही नाही. एकतिसाव्या बारपासून ए हा सूर दर दुसऱ्या स्वराला परत येत राहतो आणि त्याच्या आजूबाजूला दुसरी ओळ वरखाली फिरते. एकच वादक दोघांसारखा ऐकू येतो. मग डी तळाला धरून अर्ध्या-अर्ध्या सुरांनी सलग चढण, वरचा जी, आणि शेवटी जी मेजरचा एक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर. सबंध तुकड्यात सोळाव्या स्वरांची धार जवळपास तिथेच पहिल्यांदा तुटते.

‘उदास’ हा शेरा बहुतेक वेळा रेकॉर्डिंगचा असतो. वेग संथ, खोली घुमणारी, मायक्रोफोन लांब, आणि एकटंच वाद्य खालच्या सप्तकात. मला विचाराल तर पहिल्या अर्ध्याला ‘स्थिर’ आणि दुसऱ्याला ‘चढता’ म्हणा. एकच शब्द हवा असेल तर ‘ओघवता’.

९. पण जुन्या काळी प्रत्येक स्केलला ठरलेला भाव होता असं वाचलंय?

तशी लेखी वर्णनं आहेत, पण ती एकमेकांशी जुळत नाहीत. फ्रान्समध्ये शार्पांतिए जी मेजरला हळुवार आनंदी म्हणतो. हँबर्गचा माथेसोन १७१३ मध्ये लिहितो की ही पट्टी बोलकी आहे, चमकते, आणि गंभीर व खेळकर अशा दोन्ही गोष्टींना चालते. दोन्हींना चालते म्हटल्यावर रकाना भरणाऱ्याच्या हाती काय लागणार? आमच्याकडे रागाला वेळ आणि रस सांगतात तसं काटेकोर काही इथे शोधू नका.

१०. मग याला बिलावल थाट म्हणता येईल का? खाली तानपुरा लावला तर?

जीला षड्ज मानलं तर बहुतेक स्वर शुद्ध, म्हणून बिलावलची आठवण होणं साहजिक आहे. पण प्रश्न ८ मध्ये आलेला सी शार्प म्हणजे तीव्र मध्यम, आणि शेवटच्या चढणीत तर सलग अर्धे सूर येतात. थाटाच्या चौकटीत हे बसत नाही आणि बसवायचं कारणही नाही.

तानपुरा लावून पाहा, ऐकण्यासारखं आहे. पहिले चार बार सुरेख जमतं, कारण बाखने स्वतःच खाली षड्ज धरून ठेवला आहे. पुढे आधार हलू लागला की तानपुरा मागेच राहतो. उत्तरार्धात पाया बराच वेळ पंचमावर, म्हणजे डीवर असतो; तिथे षड्ज लावून धरलात तर चढणीतला ताण आधीच सैल पडतो आणि शेवटचा कॉर्ड फुकट जातो. फ्यूजन करणाऱ्यांना सुचवेन: चौथ्या बारनंतर तानपुरा हळूहळू काढून घ्या.

११. प्रत्येक बारमध्ये सोळा स्वर आहेत. त्रिताल लावू का?

हिशेब दोन प्रकारे मांडता येतो. एक स्वर म्हणजे एक मात्रा धरली तर प्रत्येक बार एक आवर्तन होतं आणि शेवटचा कॉर्ड बेचाळिसाव्या आवर्तनाच्या समेवर पडतो. कागदावर झकास. पण ६६ बीपीएमला मात्रांचा वेग मिनिटाला २६४ होतो, म्हणजे चांगलाच द्रुत, आणि तबला सगळं झाकून टाकतो.

दुसरा प्रकार, एक बीट म्हणजे एक मात्रा. मग चार बारांचं एक आवर्तन. पहिल्या चार बारांना ते चपखल बसतं, पण एकूण १६८ मात्रा म्हणजे साडेदहा आवर्तनं. शेवटचा कॉर्ड अकराव्या आवर्तनाच्या पाचव्या मात्रेवर येतो. वर बाविसाव्या बारमधला फर्माटा; तो मात्रेत मोजलेला नाही. तबलजीला तिथे वादकाच्या श्वासाकडे बघत थांबावं लागेल. मला विचाराल तर ठेका नकोच.

१२. माझ्या छापील प्रतीत वर ‘मॉडेराटो’ लिहिलंय, मैत्रिणीच्या प्रतीत ‘आलेग्रो’. स्वर जोडणाऱ्या कमानीही वेगळ्या. कुठली खरी?

वेगाचे शब्द संपादकांचे आहेत (प्रश्न २). आवाज वाढवा-कमी करा अशा खुणाही बहुतेक त्यांच्याच.

कमानींचा घोळ जास्त खोल आहे. आना मागडालेनाच्या नकलेत त्या घाईने काढल्यासारख्या आहेत. कमान तीन स्वरांवर आहे की चार, हे अनेक जागी कळत नाही, आणि केलनरची नक्कल तिच्याशी जुळत नाही. एका बोमध्ये किती स्वर घ्यायचे हे त्यावर ठरतं आणि तुकड्याचा भाव त्यावर जितका पालटतो तितका बीपीएमने पालटत नाही. आठ स्वर एका बोमध्ये घेतले तर ओळ वाहते. तीन स्वर जोडून बाकीचे सुटे घेतले तर तीच ओळ बोलू लागते. शिकत असाल तर शिक्षकांनी दिलेल्या खुणा आधी पक्क्या करा, मग नकलेची छायाचित्रं उघडून पाहा.

१३. फरक कळण्यासाठी कुठली रेकॉर्डिंगं ऐकू?

पाब्लो कासाल्सपासून सुरुवात करा. १८९० मध्ये, तेरा वर्षांचा असताना, बार्सिलोनातल्या एका दुकानात त्याला या सुइटची जुनी छापील प्रत सापडली. १९३६ ते १९३९ या वर्षांत त्याने सहाही रेकॉर्ड केले आणि सरावाचे समजले जाणारे तुकडे मैफिलीत स्थिरावले. त्यानंतर आनर बिल्स्माचं १९७९चं, बरोक पद्धतीचं: बोलल्यासारखं, हलकं. मग म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच, १९९१ मध्ये फ्रान्समधल्या व्हेझले इथल्या बॅसिलिकात केलेलं. तिथली दगडी घुमारी वाद्याइतकीच ऐकू येते. यो-यो माने हे सुइट तीनदा रेकॉर्ड केले आहेत. एकच माणूस पस्तीसेक वर्षांत काय बदलतो ते तिथे दिसेल.

तीन रेकॉर्डिंगांचे फक्त पहिले चार बार पाठोपाठ लावा. मूडच्या रकान्याबद्दलचा प्रश्न ८ त्यानंतर पुन्हा वाचा.

१४. बाखला जाऊन पावणेतीनशे वर्षं झाली. मग व्हिडिओत वापरायला मोकळं ना?

रचना मोकळी आहे, रेकॉर्डिंग मोकळं असेलच असं नाही. त्याचा हक्क वेगळा असतो. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. कासाल्सची रेकॉर्डिंगं भारतात त्यातून सुटली, पण अमेरिकेत १९२३ ते १९४६ मध्ये प्रकाशित ध्वनिमुद्रणांना १०० वर्षांचं संरक्षण आहे. व्हिडिओ सगळ्या जगात दिसतो, तेव्हा परवाना स्पष्ट लिहिलेलं नवं रेकॉर्डिंग घ्या किंवा ओळखीच्या चेलोवादकाकडून वाजवून घ्या.

१५. त्याच सुइटच्या एका फाइलवर ‘जी मायनर’ आहे, आणि गिटारच्या फाइलवर ‘डी मेजर’. चुकीचं लेबल?

दोन्ही बरोबर असू शकतात. पहिल्या सुइटमधला दुसरा मिन्यूएट जी मायनरमध्ये आहे. तो झाला की पहिला मिन्यूएट परत वाजवतात आणि जी मेजर येतं. दोन्ही एकाच फाइलमध्ये असतील तर अ‍ॅप गोंधळतं; पहिल्या मिन्यूएटची पट्टी लिहा. गिटारवर हा प्रील्यूड बहुधा डी मेजरमध्ये वाजवतात, कारण तिथे उघड्या तारा त्या पट्टीला साथ देतात, प्रश्न ५ मधल्याच कारणाने. व्हायोलाच्या तारा चेलोच्याच, फक्त एक सप्तक वर, म्हणून तिथे जी मेजर कायम राहतं.

सहाही सुइटची यादी करणाऱ्यांसाठी: पट्ट्या क्रमाने जी मेजर, डी मायनर, सी मेजर, ई फ्लॅट मेजर, सी मायनर, डी मेजर. पाचव्यात वरची ए तार जीपर्यंत उतरवून लावायची असते आणि त्या तारेवरचे स्वर बोटांच्या जागेप्रमाणे लिहिलेले असतात. त्यामुळे कागद वाचून पट्टी भरणाऱ्याचे काही स्वर चुकतील, अ‍ॅपचे चुकणार नाहीत. सहावा पाच तारांच्या वाद्यासाठी आहे. चार तारांवर तो वाजवणारे पार वरच्या सप्तकात चढतात, आणि आवाज व्हायोलासारखा पातळ झाला तरी पट्टी डी मेजरच लिहायची.